गंज पेठेतले उघडे घर

पुण्यापासून दूरच्या एका खेड्यातले गुरुजी दरवर्षी मुलांची सहल घेऊन पुण्यास येतात. मागच्या खेपेस त्यांनी मला विचारले, "सर, शनिवारवाडा झाला, पर्वती झाली. दोन तास हाताशी आहेत. आणखी काय दाखवू?" मी म्हटले, "गुरुजी, गंज पेठेत चला. जोतीराव फुल्यांचे घर पाहू."

गंज म्हणजे साठा, बाजार. पुण्याच्या पूर्व अंगाला भवानी, घोरपडे, गुरुवार अशा पेठांच्या शेजारी ही पेठ आहे. ही कष्टकऱ्यांची वस्ती. जवळच लाकडांच्या वखारी आहेत. लहुजी वस्ताद साळवे यांची तालीमही याच पेठेत. जोतीराव तिथे दांडपट्टा शिकले. लहुजींच्याच घराण्यातली मुक्ता ही फुल्यांच्या शाळेत शिकली आणि १८५५ साली तिने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शाळेतल्या एका पोरीचे लिखाण, बरं का! आज या पेठेला महात्मा फुले पेठ असे नाव आहे.

मुलांनी सकाळी शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहिला होता. हत्तींनी धडक देऊ नये म्हणून त्यावर ठोकलेले अणकुचीदार खिळे त्यांच्या डोळ्यांसमोर होते. इथे त्यांना दिसले एक साधे, कौलारू घर. एक मुलगा हळूच म्हणाला, "एवढंच?" त्याचे काही चुकले नाही. हे घर डोळ्यांनी पाहून संपत नाही. त्याची हकीकत सांगावी लागते.

१८४८ साली जोतीरावांनी बुधवार पेठेत, भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. लोकांचा रोष एवढा झाला, की १८४९ साली या नवराबायकोला वडिलांचे घर सोडावे लागले. भिड्यांच्या वाड्याची ती जुनी इमारत आता उभी नाही. स्मारकासाठी २०२३ च्या डिसेंबरात ती उतरवण्यात आली. गंज पेठेतले घर मात्र आहे.

ज्यांना स्वतःला घराबाहेर व्हावे लागले, त्यांनी पुढे आपल्या घराचे काय केले ते पाहा. १८६३ साली त्यांनी अडलेल्या विधवांसाठी प्रसूतीची सोय केली. 'गुपचूप येऊन बाळंत व्हा. मूल न्या किंवा इथे ठेवा,' असा त्यांचा सांगावा होता. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. पुढे तो डॉक्टर झाला. आणि १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला.

शेतकरी बंधूंनो, पाण्याची किंमत तुम्हांला सांगायला नको. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तो १९२७ साली. म्हणजे गंज पेठेतल्या या हौदानंतर एकोणसाठ वर्षांनी! हौद खुला करायला ना पैसा लागला, ना सरकारी हुकूम. लागली ती शेजाऱ्यापाजाऱ्यांचा राग सोसण्याची तयारी.

शिक्षक मित्रांसाठी आणखी एक गोष्ट. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी लेखी निवेदन दिले. सरकारी उत्पन्न रयतेच्या कष्टाचे आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना, ही त्यांची तक्रार होती. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करा, असे त्यांनी मागितले. आणि खेड्यातला शिक्षक कसा असावा? तर वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला न लाजणारा. त्या निवेदनाखाली त्यांनी आपली ओळख दिली ती व्यापारी, शेतकरी, नगरपालिकेचे सभासद अशी, आणि पत्ता घातला पेठ जुना गंजचा.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी याच घरात जोतीराव वारले. आपला देह मिठात घालून घरामागे पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. खड्डाही खणून ठेवला होता. पण वस्तीत पुरायला नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही आणि दहन करावे लागले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावर वाद निघाला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे घेऊन पुढे चालल्या. मागाहून अस्थी आणून घराच्या आवारात समाधी बांधली. तिथे मुले बराच वेळ उभी राहिली.

परत निघताना एका मुलीने विचारले, "गुरुजी, आपल्या गावातली विहीर सगळ्यांना कुणी मोकळी केली? आणि कधी?"

गुरुजी थोडे थांबले. मग म्हणाले, "घरी गेल्यावर आजीला विचार. आणि काय सांगते ते वहीत लिहून आण."

श्रोतेहो, सहलीचा याहून चांगला अभ्यास मला सुचत नाही. तुमच्याही गावात कुणाचे तरी दार, कुणाची तरी विहीर पहिल्यांदा उघडली असेल. तो दिवस पाहिलेली किंवा त्याविषयी ऐकलेली माणसे अजून आहेत तोवर विचारून घ्या. आणि अजूनही एखादी विहीर मोकळी झालेली नसेल, तर तेही वहीत लिहा.