सूर्यास्ताची नौका

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आमच्या ग्रीसच्या प्रवासाविषयी चार शब्द बोलावे अशी आम्हांस आज्ञा केली. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. उभा जन्म प्राथमिक शाळेत गेला आणि इतर विषयांबरोबर भूगोल शिकविण्याचे काम आमच्याकडे असे. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता, वर्गात नकाशा टांगून मास्तर बोलत आहेत असे समजून आपण ऐकावे, ही प्रार्थना.

आजचा विषय आहे, सांतोरिनी नावाच्या बेटाभोवती स्वतंत्र नौका भाड्याने घेऊन पाहिलेला सूर्यास्त. हा विषय जाहीर होताच आपल्या एका वयोवृद्ध सभासदांनी आम्हांस गाठून विचारले, "मास्तर, सूर्य आपल्या वेंगुर्ल्यालाही मावळतो. त्याच्यासाठी एवढे पैसे समुद्रात कशाला घातलेत? तेवढ्यात वसतिगृहाच्या एका खोलीवर पत्रे पडले असते." प्रश्न रास्त आहे. किंबहुना आजचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न होय.

प्रथम एका जुन्या गोष्टीचे स्मरण करून देतो. एकोणिसाव्या शतकात समुद्रगमन निषिद्ध मानले जाई. विलायतेहून परतलेल्या माणसाला पंक्तीत घ्यावे की नाही यावर ज्ञातीज्ञातींतून सभा भरत, प्रायश्चित्ते सांगितली जात, आणि ती न घेणाऱ्यावर बहिष्कार पडे. आज त्याच ज्ञातिसंस्था परदेशी गेलेल्या मुलांची नावे अभिमानाने छापतात. समुद्र ओलांडावा की नाही हा प्रश्न मिटला. परंतु ओलांडून काय आणावे, हा प्रश्न मात्र कोणत्याही सभेने अद्याप विचारलेला नाही.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त जर्मनीत असतात. सन २०२५ च्या सप्टेंबरात त्यांनी व सूनबाईंनी आम्हां उभयतांस आणि आमचे व्याही व विहीणबाई यांस या बेटावर नेले. ग्रीसच्या आग्नेयेस इजियन समुद्रात हे बेट आहे. त्याचे ग्रीक नाव थिरा. सांतोरिनी हे नाव संत इरिनी हिच्यावरून पश्चिमेकडील दर्यावर्दींनी दिले. नकाशावर पाहिले तर ते चंद्रकोरीसारखे दिसते. कोरीच्या पोटात समुद्र, समोर थिरासिया नावाचे धाकटे बेट, आणि मध्ये दोन काळी बेटे. हा आकार कसा झाला ते कळल्यावाचून तेथील सूर्यास्त कळत नाही.

इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या आगेमागे या ठिकाणी ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. पोटातील शिलारस बाहेर पडल्यावर वरचा भाग आत कोसळला आणि त्या खळग्यात समुद्र शिरला. सुमारे १२ किलोमीटर लांब व ७ किलोमीटर रुंद असा हा खळगा आहे. भोवतालचे कडे पाण्यावर ३०० मीटरपर्यंत उंच, आणि पाण्याची खोली काही ठिकाणी ३८० मीटरांहून अधिक! बहुतेक ठिकाणी नांगर तळास पोचत नाही, म्हणून मोठ्या जहाजांतील उतारूंना लहान होड्यांतून किनाऱ्यावर आणावे लागते. सारांश, ज्यास जगभरचे लोक रम्य उपसागर म्हणून पाहावयास जातात, ते ज्वालामुखीचे तोंड आहे.

आम्ही घेतलेली नौका दोन अंगांची, म्हणजे दोन लांब होड्या शेजारी शेजारी जोडून वर एकच फळी टाकावी तशी होती. तिला कॅटमरान म्हणतात. हा शब्द तमिळ भाषेतील 'कट्टुमरम', म्हणजे बांधलेली लाकडे, यावरून जगभर गेला. आपल्या देशाच्या कोळ्यांचा शब्द ग्रीक तांडेलाच्या तोंडी ऐकून आमच्या विहीणबाईंना फार गंमत वाटली. नौकेवर एक तांडेल व एक खलाशी, आणि उतारू आम्ही सहा जण. पुष्कळ अनोळखी माणसांसमवेत जागा घेतली असती तर खर्च कितीतरी कमी झाला असता, हे खरे. परंतु व्याह्यांचा गुडघा दुखरा, आणि सौभाग्यवतींना बोट लागण्याची भीती. आपल्या चालीने चालणारी, हवी तेथे थांबणारी नौका वयस्कर माणसांस सोयीची पडते. भाडे सहा जणांत वाटले गेले.

दुपारी तीनच्या सुमारास दक्षिणेकडील व्लिखादा बंदरातून आम्ही निघालो. प्रथम तांबड्या खडकांचा किनारा, मग पांढऱ्या खडकांचा. पुढे १८९२ साली बांधलेल्या अक्रोतिरीच्या दीपगृहास वळसा घातला की नौका त्या खळग्यात शिरते. तेथे आम्ही तांडेलास इंजिन बंद करण्याची विनंती केली. केवढी शांतता! डोंगराचा कडा समोर उभा चिरलेला होता. खाली काळा लाव्हा, मध्ये तांबडे थर, आणि अगदी वर पांढऱ्या राखेचा व प्युमिस दगडाचा जाड थर. हा वरचा थर त्या महास्फोटाचा. त्याच्याही वर, कड्याच्या काठावर, पांढरी घरे. ज्या राखेने एक नगर गाडले, तिच्यावरच दुसरी नगरे वसली आहेत. सह्याद्रीच्या पायऱ्याही लाव्ह्याच्याच थरांच्या, परंतु त्यांचा अग्नी कोट्यवधी वर्षांपूर्वी विझला. येथला विझलेला नाही, एवढाच भेद.

त्या प्युमिसविषयी एक गोष्ट आपणांस रोचक वाटेल. १८६० नंतरच्या दशकात सुएझ कालव्याचे काम चालू असता, पाण्यात टिकणाऱ्या चुन्यासाठी थिरासियावरून ही ज्वालामुखीची माती खणून नेली जात असे. १८६९ साली तो कालवा उघडला आणि मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या आगबोटींचा आफ्रिकेचा वळसा टळला. आपल्या आजे-पणजांपैकी जे कोणी त्या मार्गाने गेले, ते या बेटाच्या मातीच्या आधाराने गेले असे म्हणावयास हरकत नाही. माती खणताना मजुरांना जुन्या भिंती लागल्या आणि राखेखाली गाडलेल्या वस्तीचा माग प्रथम लागला.

पुढे १९६७ साली स्पिरिडॉन मारिनातोस या पुरातत्त्वज्ञांनी अक्रोतिरी येथे उत्खनन आरंभिले. दोन-तीन मजली घरे, सांडपाण्याची गटारे, रांजण आणि भिंतीवरची रंगीत चित्रे त्या राखेतून बाहेर आली. १९७४ साली मारिनातोस त्याच जागी मृत्यू पावले. एका घरातील चित्रात सजविलेल्या नौकांची रांग आहे, नौकांवर छत आहे आणि छताखाली माणसे बसलेली आहेत. म्हणजे थाटाने नौकेत बसण्याची हौस त्या बेटावर साडेतीन हजार वर्षांची जुनी! आणि नवल असे की त्या घरांतून माणसांचे सांगाडे सापडले नाहीत, दागदागिनेही जवळजवळ नाहीत. आधी झालेल्या भूकंपांनी सावध होऊन लोक घरे सोडून गेले असावेत. ते कोठे गेले, तरले की बुडाले, हे राख सांगत नाही.

मधल्या काळ्या बेटांपैकी नेआ कामेनी १७०७ साली समुद्रातून वर येऊ लागले आणि तेथील शेवटचा उद्रेक १९५० सालचा. शेजारच्या पालेआ कामेनीजवळ पाण्यातून ऊन झरे येतात. नौका थोडी अलीकडे थांबते आणि थंड पाण्यातून पोहत जावे लागते. पाणी कोमट असते, आणि त्यातील लोहामुळे इतके तांबूस की पांढऱ्या वस्त्रावर डाग राहतो. मुले पोहून आली. आम्ही ज्येष्ठ मंडळी छताखाली तांडेलाशी बोलत बसलो. चिरंजीव आले की दुभाष्याचे काम करीत, एरवी हातवारे होतेच.

तो तांडेल चाळिशीचा गृहस्थ. त्याने आपल्या घराण्याचा जो वृत्तांत सांगितला तोच आमच्या मते त्या दिवसाचा खरा लाभ होय. ९ जुलै १९५६ रोजी या बेटावर मोठा भूकंप झाला. ५३ माणसे दगावली, उत्तर टोकाचे इया गाव बहुतांशी ढासळले. हे गाव शिडाच्या जहाजांच्या काळी श्रीमंत कप्तानांचे. पुढे वाफेची जहाजे आली आणि त्याची रया गेलेलीच होती. भूकंपाने उरलीसुरली माणसेही अथेन्सकडे नेली, त्यात याचे आजोबा होते. प्रवासी येऊ लागल्यावर बाप परत आला, त्याने जुने घर डागडुजी करून उभे केले. आणि २०२५ च्या जानेवारीअखेर पुन्हा जमीन हादरू लागली. हजारो धक्के बसले, १० फेब्रुवारीचा सर्वांत मोठा धक्का ५.३ मापाचा. अकरा हजारांहून अधिक लोक बेट सोडून गेले, शाळा बंद झाल्या. शास्त्रज्ञांनी नंतर दाखवून दिले की सुमारे ३० कोटी घनमीटर शिलारस खोलातून वर सरकून समुद्रतळाखाली चारएक किलोमीटरांवर थांबला होता.

तांडेलानेही बायकामुलांस बोटीत बसवून पिरेयस बंदरात पाठविले. स्वतः मात्र मागे राहिला, कारण नौका त्याची नव्हे, कर्जाची होती. आमच्या व्याह्यांनी विचारले, "भीती वाटली नाही का?" तो म्हणाला, "रात्री वाटे. सकाळी दोर तपासावे लागत." मग थोडे थांबून त्याने पुढे सांगितले की त्या वसंतात उतारू येतील की नाही, ही चिंता धक्क्यांहून मोठी होती. धाकटी मुलगी अजूनही भांडे पडले तरी दचकते. एवढे बोलून तो सुकाणूकडे गेला. विहीणबाईंनी घरून आणलेल्या शंकरपाळ्यांचा डबा मुलीसाठी म्हणून त्याच्या हाती दिला. त्याने तो नीट बांधून ठेवला.

आता सूर्यास्त. तो आम्ही थोडक्यात सांगतो, कारण तो सांगण्यासारखा कमी आणि पाहण्यासारखा अधिक आहे. जूनमध्ये सूर्य वायव्येस सरकलेला असतो आणि मोकळ्या समुद्रावर मावळताना दिसतो. हेमंताकडे तो दक्षिणेस सरकून थिरासियाच्या डोंगराआड जातो. सप्टेंबरच्या मध्यास साडेसातच्या सुमारास तांडेलाने नौका इयाच्या खाली आणून शीड उतरविले. बिंब समुद्राकडे झुकू लागताच मागचा कडा तळापासून माथ्यापर्यंत तांबूस झाला, मग घरे, मग घुमट. सगळे जण सूर्याकडे पाहत होते, तांडेल मात्र पाठमोरा होऊन आपल्या गावाकडे पाहत होता. आम्हीही तिकडे वळलो. गावाच्या काठावर माणसांची इतकी दाटी होती की भिंती दिसेनात.

त्या दाटीचाही विचार केला पाहिजे. बेटाची वस्ती सुमारे पंधरा हजार, आणि वर्षाकाठी येणारे प्रवासी तीस लाखांच्या वर! नदी नाही, ओढा नाही, समुद्राचे पाणी गोडे करून प्यावे लागते. गर्दी आवरण्यासाठी मोठ्या जहाजांच्या उतारूंवर दिवसाला ८,००० ची मर्यादा घालण्यात आली, आणि जुलै २०२५ पासून हंगामात प्रत्येकी २० युरोंचा कर बसला. आपणही त्या गर्दीतलेच, हे विसरून चालणार नाही.

ज्यांस जावयाचे असेल त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार सूचना. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा वारा जोराचा असतो, आणि तो फार वाढला की बंदराचे अधिकारी नौका सोडू देत नाहीत. म्हणून परतीच्या आदल्या दिवशी ही फेरी ठरवू नये, आणि फेरी रद्द झाल्यास पैसे परत मिळतील का ते आधी लेखी विचारून घ्यावे. शाकाहारी जेवण हवे असल्यास आगाऊ कळवावे. बोट लागण्याची गोळी निघण्यापूर्वी घ्यावी, मऊ तळव्यांची पादत्राणे व एक शाल जवळ ठेवावी, कारण सूर्य मावळताच वारा गार होतो. जुन्या बंदरातून फिरा गावी चढावयास सुमारे ५८८ पायऱ्या आहेत. तेथे गाढवांवर बसण्यापेक्षा पाळण्यातून जावे, मुक्या जनावरांस तेवढीच विश्रांती.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पैसे समुद्रात गेले काय? नुसते बिंब पाहून आणि छायाचित्रे काढून आलो असतो, तर आमच्या वयोवृद्ध स्नेह्यांचे म्हणणे आम्ही मुकाट्याने मान्य केले असते. सूर्य वेंगुर्ल्यास फुकट मावळतो, यात शंका नाही. परंतु पायाखाली आग असलेल्या जमिनीवर माणसे घरे कशी बांधतात, दोनदा उठून दोनदा कशी परततात, हे आम्हांस पुस्तकाने शिकविले नव्हते. वर्गात इतकी वर्षे 'ज्वालामुखी' हा शब्द आम्ही फळ्यावर लिहीत आलो. त्याच्या तोंडात बसून चहा घेणाऱ्या माणसाची चिंता कर्जाच्या हप्त्याची आणि मुलीच्या झोपेची असते, हे तेथे कळले.

म्हणून मंडळापुढे एक सूचना नम्रपणे ठेवतो. आपल्या ज्ञातीतील जे कोणी परदेशी जाऊन येतील, त्यांनी परतल्यावर एका रविवारी वसतिगृहातील मुलांपुढे तासभर बोलावे, नकाशा घेऊन. हे प्रायश्चित्त नव्हे, ही परतफेड होय. आरंभ आम्ही केला आहे. कड्याच्या थरांचे एक मोठे रंगीत चित्र काढून ते गेल्या महिन्यात वसतिगृहाच्या अभ्यासिकेत लावले, आणि दोन तास मुलांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. एका मुलाने विचारले, "गुरुजी, ते लोक तिथून कायमचे निघून का जात नाहीत?" आम्ही त्यालाच उलट विचारले, "तुझे आईवडील दुष्काळात गाव सोडून का गेले नाहीत?" तो बराच वेळ विचार करीत बसला.

राहता राहिला खोलीवरील पत्र्यांचा प्रश्न. तोही आम्ही टाळणार नाही. नौकेच्या भाड्यातील आम्हां उभयतांच्या वाट्याइतकी रक्कम आज वसतिगृहाच्या निधीत चिटणीसांकडे सुपूर्द करीत आहोत.