चौथा रकाना
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



तुम्हाला ‘मुलांनो’ म्हणायची सवय अजून जात नाही, पण समोर बघतो तर कित्येकांचे केस माझ्याइतकेच पांढरे झालेत. संयोजकांनी बजावलंय, “सर, दहा मिनिटं बोला, पण उपदेश नको.” म्हणून ठरवलं, आज मराठीचा एक जुना तासच पुन्हा घ्यावा.

कविता होती कुसुमाग्रजांची ‘कणा’. तुमच्यातल्या बहुतेकांना ती पाठ असेल. पहिल्या दिवशी मी ती नेहमीच्या पद्धतीनं घेतली. एकदा वाचली, फळ्यावर ‘मध्यवर्ती कल्पना’ लिहिली, ‘संकटात माणसाने खचू नये’ वगैरे. तुम्ही ती वहीत उतरवून घेतली आणि कविता संपली! मागचे दोन बाक खिडकीतून बाहेर बघत होते.

रात्री मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी फळा पुसला आणि म्हटलं, “कवीला काय सांगायचंय ते राहू द्या. ही गोष्ट आहे. कुठं घडते, माणसं किती, आधी काय होतं आणि मग काय, एवढंच सांगा.”

गोष्ट उलगडायची सवय तुम्हाला पोवाड्यामुळे होती. तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा आपण आधी चार रकान्यांत मांडला होता. मुलाचं लग्न बाजूला ठेवून तानाजी निघतो, ही सुरुवात. गडावर चढून लढाई जुंपते, हा संघर्ष. तानाजी पडतो, हा कळस. गड मिळतो पण माणूस गमावतो, हा शेवट. तेच चार रकाने मी पुन्हा आखले.

पहिले दोन भराभर भरले. पावसात भिजलेला एक जुना विद्यार्थी सरांकडे येतो. नदीचं पाणी घरात शिरून सगळं घेऊन गेलं, बायको तेवढी वाचली, आता दोघं मिळून घर पुन्हा उभं करताहेत, हे तो सांगतो. तेव्हा एकीनं हात वर केला. म्हणाली, “सर, पूर कवितेत घडतच नाही. तो आधीच होऊन गेलाय. कवितेत नुसता एक माणूस येतो, बसतो, बोलतो आणि उठतो.” घडलेली हकिगत वेगळी आणि कवीनं ती कुठून सांगायला घेतली ते वेगळं, हे मी पुस्तकातून शिकवू शकलो नव्हतो. ते तिनं एका वाक्यात सांगितलं.

कळस कुठला, यावर भांडण लागलं. निम्मा वर्ग म्हणे पूर, निम्मा म्हणे बायको वाचते तिथं. शेवटी असं ठरलं, की पैसे द्यायला हात खिशाकडे वळतो आणि तो हसत उठून उभा राहतो, तिथं. कारण तोवर सरांना वाटत असतं की हा मदत मागायला आलाय, आणि वाचणाऱ्यालाही तसंच वाटत असतं. तिथं गोष्ट फिरते.

एवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगा बोलला. एरवी तो तोंड उघडत नसे. म्हणाला, “सर, ह्यातलं पाणी परत गेलं. आमच्याकडचं नाही गेलं.”

वर्ग एकदम गप्प झाला. घोड नदीवर आपलं डिंभे धरण झालं, पाणी साठत गेलं आणि तालुक्याला ज्याचं नाव आहे ते जुनं आंबेगावच पाण्याखाली गेलं. कुकडी प्रकल्पातलं हे पाणी कालव्यानं खाली नगर-सोलापूरपर्यंत जातं, तिकडची शेतं भिजतात. पण वरच्या वाड्यांतल्या माणसांना पडलेली भिंत पुन्हा बांधायला जागाच उरली नाही. कवितेतल्या नदीसारखी आपली नदी दोन दिवसांची पाहुणी नव्हती. ‘खचू नये’ एवढंच शिकवलं असतं, तर त्या पोरानं मान डोलावली असती. काय घडलं ते विचारलं, म्हणून त्याला आपल्या गोष्टीतला फरक सापडला.

राहिला चौथा रकाना. विद्यार्थी पैसे नाकारतो, पाठीवर हात आणि धीराचा एक शब्द मागतो. पुढं? सर काय करतात? कविता ते सांगत नाही. मी म्हटलं, घरून लिहून आणा. सगळ्यांनी लिहिलं, ‘सरांनी पाठीवर हात ठेवला.’ त्या मुलानं रकाना कोरा ठेवला. मी लाल शाईनं ‘अपूर्ण’ असा शेरा मारला. कवितेत जे नाही ते त्यानं लिहिलं नव्हतं, म्हणजे बरोबर तोच होता. हे मला उशिरा कळलं.

त्याहून मोठी चूक पुढं झाली. दहावीचे फॉर्म भरायच्या वेळी त्याचं शाळेत येणं थांबलं. मी फीचे पैसे दुसऱ्या मुलाच्या हाती पाठवले. ते तसेच परत आले. ‘पोरगा मानी आहे’ म्हणालो आणि सोडून दिलं. त्याच्या वाडीपर्यंत काही गेलो नाही. हात खिशाकडे जातो तिथं कळस आहे, हे महिन्यापूर्वी मीच फळ्यावर लिहिलं होतं.

तो आज इथं आलाय. नाव घेत नाही, त्याला आवडणार नाही. धरणात मासेमारी करतो, पाणी उतरलं की काठच्या जमिनीत पेरतो. त्याची मुलगी कॉलेजात आहे. सकाळी गेटपाशी भेटला, तेव्हा मी आधी त्याच्या पाठीवर हात ठेवला. काय बोलावं ते सुचलं नाही. तोच म्हणाला, “चहा घेतला का, सर?”

तुमच्यातले आठ-दहा जण आता स्वतः शिक्षक आहेत. त्यांना एवढंच सांगेन. कथाकाव्य शिकवताना तात्पर्य शेवटी येऊ द्या, नाहीतर येऊच देऊ नका. कोण बोलतंय, काय आधीच घडून गेलंय, गोष्ट कुठं फिरते आणि कवीनं काय सांगायचं ठेवलंय, हे चार प्रश्न विचारा. एखाद्या पोरानं शेवटचा रकाना कोरा ठेवला, तर शेरा मारायच्या आधी त्याच्या घरी जाऊन या.

तास संपला. घंटा वाजवा.