परदेशांतील एका सत्राची तयारी

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त धर्मग्रामाच्या सभागृहांत विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढें दिलेलें भाषण)



महोत्सव समितीनें वर्षाचा कार्यक्रम आंखतांना आम्हांस विचारलें कीं, तरुणांपुढें कोणत्या विषयावर बोलाल? आम्हीं आजचा विषय सांगितला तेव्हां कित्येकांस नवल वाटलें. परदेशच्या विद्यापीठांत एक सत्र शिकावयास जाण्याच्या तयारीविषयीं धर्मगुरूनें काय सांगावें? ह्याचें कारण आधींच सांगतों. त्यांत आमची एक चूक आहे, आणि ती झांकून ठेवून उपदेश करणें आम्हांस शोभणार नाहीं.

2018 सालीं आपल्याच एका वाडींतील मुलगी, महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षीं, एका सत्रासाठीं जर्मनीस निघाली. आईनें पाटल्या गहाण ठेवल्या, वडिलांनीं कर्ज काढलें. निघण्यापूर्वीं सर्व मंडळी आशीर्वादासाठीं आमच्याकडे आली. आम्हीं तिच्या मस्तकावर हात ठेवला, तिच्या घरीं जाऊन केक खाल्ला. परंतु एकही प्रश्न विचारला नाहीं. मुलगी हुशार व कष्टाळू. तिकडे ती सर्व विषयांत उत्तीर्ण झाली. परत आल्यावर मात्र तिच्या महाविद्यालयानें सांगितलें कीं, तिकडचे विषय इकडच्या अभ्यासक्रमाशीं जुळत नाहींत, सबब तें सत्र पुन्हां करावें लागेल. ज्या अध्यापकांनीं तोंडीं होकार दिला होता ते मध्यंतरीं दुसरीकडे गेले होते, आणि लेखी असें कांहींच नव्हतें. तिची आई आम्हांस म्हणाली, "फादर, आम्ही शिकलेलीं नाहीं. काय विचारावें हेंच आम्हांला कळलें नाहीं." आम्ही तर शिकलेले होतों, आणि आम्हींही विचारलें नव्हतें.

म्हणून आज बोलत आहों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, परदेशांतील सत्राच्या तयारीस परतीपासून आरंभ करावा. जो तीन-चार वर्षांसाठीं जातो त्यास पहिल्या वर्षाची चूक दुसऱ्या वर्षीं सुधारतां येते. सत्र म्हणजे जेमतेम पांच महिने. चूक उमगेपर्यंत परतीचें विमान दारीं उभें असतें. जें घरीं झालें नाहीं, तें तिकडे बहुधा होत नाहीं.

ह्या बाबतींत आपल्या परिचयाच्या एका थोर विद्यार्थ्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. संत इग्नाशियस लोयोला 1528 सालीं पॅरिसच्या विद्यापीठांत आले, तेव्हां त्यांचें वय छत्तिसाच्या पुढें होतें. त्यापूर्वीं स्पेनमध्यें त्यांनीं घाईघाईनें पुष्कळ विषय हातीं घेतले होते, पण पाया कच्चा राहिला होता. पॅरिसला त्यांना लहान मुलांच्या बाकावर बसून लॅटिन व्याकरण पुन्हां गिरवावें लागलें. जवळचे पंचवीस एस्कुदो त्यांनीं बरोबर राहणाऱ्या एका देशबंधूपाशीं ठेवावयास दिले. त्यानें ते खर्चून टाकले. मग संतांना भीक मागून एका धर्मशाळेवजा रुग्णालयांत राहावें लागलें. तें विद्यालयापासून दूर. सकाळीं दार उशिरां उघडे व संध्याकाळीं लवकर बंद होई. त्यामुळें व्याख्यानें बुडत. पुढें ते दरवर्षीं फ्लांडर्समधील स्पॅनिश व्यापाऱ्यांकडे जाऊन वर्षभराची बेगमी एकदांच करूं लागले, तेव्हां अभ्यासास स्वस्थता आली. अभ्यासाचा मेळ, पैसा आणि बिऱ्हाड ह्या तीन गोष्टींनीं एवढ्या निश्चयी पुरुषासही अडविलें. आमच्या मुलांना त्या अडवणार नाहींत असें आम्हीं कां मानावें?

प्रथम अभ्यासाचा मेळ. यूरोपांत एका सत्राच्या पूर्ण अभ्यासास 30 श्रेयांक धरतात व एका श्रेयांकामागें विद्यार्थ्याचे 25 ते 30 तासांचे श्रम अपेक्षित असतात. आपल्या राष्ट्रीय आराखड्यांत वर्षाचे 40, म्हणजे सत्राचे 20 श्रेयांक येतात. मापें निराळीं असल्यामुळें कोणता विषय कशाच्या बदलीं धरला जाईल हें निघण्यापूर्वीं कागदावर यावयास पाहिजे. यूरोपीय संघाची इरॅस्मस योजना 1987 सालीं सुरू झाली व 2015 पासून तिच्या नव्या रूपांत भारतासारख्या देशांतील विद्यापीठांशींही विद्यार्थ्यांची देवघेव होऊं लागली. तींत ह्या कागदास अध्ययन-करार म्हणतात. त्यावर विद्यार्थी, त्याचें स्वतःचें विद्यापीठ व यजमान विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या असतात. तुम्ही कोणत्याही योजनेनें जा. असा तीन सह्यांचा कागद मागून घ्या. तिकडे गेल्यावर एखादा विषय बदलावा लागला, तर बदलही त्याच दिवसांत लेखी मंजूर करून घ्या.

त्याबरोबर दिनदर्शिका पाहा. जर्मनींत हिवाळी सत्र ऑक्टोबरांत सुरू होतें, व्याख्यानें साधारण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि कित्येक परीक्षा त्यानंतर असतात. तोंवर इकडे आपलें पुढील सत्र सुरू झालेलें असतें. त्या गैरहजेरीचें काय, हेंही आधींच विचारावें. गुणपत्रिकेविषयींही एक सूचना करतों. तिकडे 1 हा सर्वोत्तम गुण, 4 म्हणजे कसाबसा उत्तीर्ण, आणि 5 म्हणजे अनुत्तीर्ण. मुलानें "मला एक मिळाला" असें कळविल्यास पालकांनीं डोक्यास हात लावूं नये.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची, आणि ह्यांत धर्मग्रामाच्या कचेरीचा प्रत्यक्ष संबंध येतो. आमच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहींत एक नांव, शाळेच्या दाखल्यावर दुसरें, आधार कार्डावर तिसरें, असें आपल्या समाजांत वारंवार आढळतें. डिमेलो हें आडनांव कोणी जोडून लिहितो, कोणी तोडून लिहितो, कोणी वर स्वल्पविरामासारखें चिन्ह देतो. कोठें वडिलांचें नांव मध्यें येतें, कोठें गळतें. घरीं हें चालून जातें. वकिलातींत चालत नाहीं. अर्ज करण्यापूर्वीं सहा-आठ महिने सर्व कागद जेवणाच्या मेजावर मांडा आणि अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. पासपोर्टाची मुदत परतीच्या दिवसानंतरही कांहीं महिने उरेल अशी असावी. तसेंच, शेंगेन देशांत अल्प मुदतीच्या व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहतां येतें. सत्र त्याहून मोठें, म्हणून त्या देशाचा दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. प्रवाशाचा व्हिसा घेऊन जा, मग तिकडे बदलूं, असें जो सल्लागार सांगेल त्याची पायरी पुन्हां चढूं नका.

तिसरी गोष्ट पैशाची. येथें आम्ही पालकांशीं मोकळेपणानें बोलतों. देवघेवीच्या योजनेंत यजमान विद्यापीठ बहुधा शिक्षणशुल्क घेत नाहीं. शुल्क घरच्याच विद्यापीठांत भरावयाचें असतें. परंतु राहणें व खाणें कोणी फुकट देत नाहीं. निर्वाहाची सोय आहे हें दाखविण्यासाठीं जर्मनी जें रोखून ठेवलेलें खातें मागते त्याचा 2024 सालीं ठरलेला आंकडा महिन्यास 992 युरो होता. म्हणजे सहा महिन्यांचे 5952. शिष्यवृत्ति असल्यास तिचें पत्र चालतें. चालू आंकडा अर्जाच्या वेळीं वकिलातीकडूनच घ्यावा, शेजाऱ्याकडून नव्हे. "तिकडे काम करून फेडीन" ह्या भरंवशावर कर्ज काढूं नका. पहिला महिना तर नोंदणींत व खोलींत सामान लावण्यांतच जातो. कर्ज काढावयाचें तर तें इकडच्या मिळकतींतून कसें फिटेल हें जाण्यापूर्वीं मांडा, आणि मुलास तो हिशेब दाखवा. आपल्या आईच्या हातांत कां पाटल्या नाहींत हें ज्यास ठाऊक आहे, तो पैसा जपून खर्च करतो.

बिऱ्हाडाविषयीं दोन शब्द. विद्यार्थिवसतिगृहासाठीं प्रवेश नक्की होतांच त्याच दिवशीं अर्ज करावा, कारण यादी लांब असते. खासगी खोली घेतल्यास जर्मन कायद्यानें अनामत रक्कम तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक मागतां येत नाहीं. खोली न पाहतां व करार न वाचतां अनोळखी माणसाच्या खात्यांत पैसे पाठवूं नका. पंचवीस एस्कुदोंची गोष्ट आठवा. राहावयास गेल्यावर दोन आठवड्यांच्या आंत नगर-कचेरींत पत्ता नोंदवावा लागतो. त्या वेळीं धर्म कोणता असें विचारतात, आणि कांहीं मुलें चर्चकराच्या भीतीनें "धर्म नाहीं" असें लिहितात असें आमच्या कानीं आलें आहे. हा कर आयकराच्या शेंकडा 8 किंवा 9 इतका असतो. ज्यास आयकर नाहीं त्यास तोही नाहीं. जें द्यावयाचेंच नाहीं तें वांचविण्यासाठीं आपलें नांव नाकारण्याचें कारण नाहीं.

चौथी गोष्ट शरीराची. दांत व डोळे निघण्यापूर्वीं तपासून घ्या. नेहमींचें औषध असल्यास डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी बरोबर ठेवा. आरोग्यविम्यावांचून तेथें नांवनोंदणी होत नाहीं, आणि तो पहिल्या दिवसापासून लागू असावा. यूरोपीय संघांत कोठेंही संकटकाळीं 112 हा क्रमांक फिरवावा. पांच पदार्थ स्वतः रांधतां यावयास पाहिजेत, मुलींप्रमाणेंच मुलांनाही. आम्ही 2001 सालीं भाषा शिकण्यासाठीं एका जर्मन गांवीं शनिवारीं रात्रीं पोंचलों. रविवारीं तेथें दुकानें बंद असतात हें आम्हांस ठाऊक नव्हतें. तो सबंध दिवस आम्हीं आईनें दिलेल्या सुकेळ्यांवर काढला. सुकेळीं अवश्य न्या. तूप, पेढे व मांसाचें लोणचें मात्र नेऊं नका. दुधाचे व मांसाचे पदार्थ बाहेरून यूरोपीय संघांत नेण्यास बंदी आहे. सुक्या मासळीस कायद्याची हरकत नाहीं. शेजाऱ्याच्या नाकाची असूं शकते.

शेवटची गोष्ट मनाची. डिसेंबरांत बर्लिनला दुपारीं चारच्या सुमारास सूर्य मावळतो. उजेडांत वाढलेल्या आपल्या मुलांना तो अंधार अंगावर येतो. घरीं फोन केला कीं आई विचारते, "सगळें ठीक आहे ना?" आणि मूल म्हणतें, "ठीक आहे." पालकहो, ह्या प्रश्नांतच उत्तर कोंबलेलें असतें. त्याऐवजीं "आज कोणाशीं बोललास? काय जेवलास?" असें विचारा. आणि निघण्यापूर्वीं त्यास स्पष्ट सांगा कीं, वाईट बातमी सांगितलीस तरी आम्ही रागावणार नाहीं व गांवभर सांगत फिरणार नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, केवळ गांववाल्यांच्या घोळक्यांत राहूं नका. नवारातून पॅरिसला आलेले फ्रान्सिस झेवियर सेंट बार्ब विद्यालयांत सव्हॉयच्या पीटर फाबर ह्यांच्यासह एका खोलींत राहत. 1529 सालीं इग्नाशियस त्यांच्यांत राहावयास आले. झेवियरांना हा वयस्क सोबती आरंभीं मुळींच रुचला नव्हता. त्या खोलींतून पुढें काय घडलें हें गोव्यास जाऊन आलेल्या प्रत्येकास माहीत आहे. जाण्यापूर्वीं तिकडची भाषा नमस्कार, आभार व क्षमा मागण्याइतकी तरी शिका. तेवढ्यानें पुष्कळ दारें उघडतात.

आतां एक कबुली देऊन संपवितों. ज्या मुलीची गोष्ट प्रारंभीं सांगितली ती आज मागील बाकावर बसली आहे. तिच्या परवानगीनेंच आम्ही बोललों. वरील सूचनांपैकीं अर्ध्या तिच्याच वहींतल्या आहेत. तिनें तें सत्र पुन्हां केलें, पदवी घेतली, आणि पाटल्या स्वतःच्या पगारांतून सोडविल्या. आतां जाणाऱ्यांचे कागद ती पहिल्या रविवारीं मिस्सानंतर ह्याच सभागृहांत तपासून देणार आहे.

ह्यापुढें जो कोणी आशीर्वादासाठीं आमच्याकडे येईल त्यास आम्ही चार प्रश्न विचारूं. तीन सह्यांचा कागद कोठें आहे? सर्व कागदांवर नांव एकच आहे काय? कर्ज कोण व कसें फेडणार? आणि रात्रीं ताप आला तर प्रथम कोणास फोन करशील? उत्तरें मिळालीं कीं मस्तकावर हात ठेवूं, आणि मग केक खावयासही आनंदानें येऊं.