प्रदक्षिणेची वाट आणि तिच्याखालची जमीन

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



शंभरी गाठलेल्या ग्रंथालयाच्या उत्सवात मराठीच्या अध्यापकाने संतवाङ्मयावर नाहीतर कादंबरीवर बोलावे, अशी रीत आहे. ती बाजूला ठेवून मी आज जमिनीविषयी बोलणार आहे. विषय ग्रंथालयाशी फटकून आहे असे वाटत असेल, तर एक गोष्ट सांगतो. १८९० साली अमेरिकेत बॉस्टन येथील चार्ल्स इलियट या तरुण उद्यानरचनाकाराने एका नियतकालिकात एक कल्पना मांडली. सार्वजनिक ग्रंथालय लोकांसाठी पुस्तके सांभाळते, संग्रहालय चित्रे सांभाळते, त्याच रीतीने गावाजवळच्या रम्य मोकळ्या जागा सांभाळणारी विश्वस्त संस्था का असू नये, असा त्याचा प्रश्न होता. पुढल्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने कायदा करून तशा संस्थेला मान्यता दिली. ती संस्था आजही चालू आहे, आणि १८९५ मध्ये इंग्लंडात निघालेल्या नॅशनल ट्रस्टपुढे तिचा नमुना होता. म्हणजे जमीन राखण्याच्या या आधुनिक चळवळीच्या मुळाशी ग्रंथालयाचीच उपमा आहे. धार आणि देवास या पवारांच्या दोन्ही गावांत ती कितपत रुजेल, हे मला पाहायचे आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. या दोन्ही गावांना भोवतालच्या जमिनीसह राखलेली, सर्वांना चालता येईल अशी एकेक फेरीची वाट हवी. तिचा उपयोग केवळ सकाळच्या फिरण्यापुरता नाही. जी जमीन रोज कोणाच्या तरी पायाखाली आणि डोळ्यांपुढे असते, ती सहसा गिळली जात नाही.

फेरीची कल्पना आपल्याला कोणी बाहेरून शिकवायला नको. उज्जैनची पंचक्रोशी यात्रा दर वैशाखात ११८ किलोमीटर चालते. नर्मदेची परिक्रमा आहे, त्र्यंबकेश्वरी श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी आहे. मात्र प्रदक्षिणेतला एक बारकावा आपण विसरत चाललो आहोत. प्रदक्षिणेत महत्त्व मधल्या वस्तूला असते. वाट ही त्या वस्तूची कड. मधली वस्तू नाहीशी झाली आणि कड तेवढी फरसबंद करून ठेवली, तर ती प्रदक्षिणा राहत नाही, नुसती येरझार होते. अलीकडे गावोगावी निघणारे दिव्यांच्या खांबांचे ‘वॉकिंग ट्रॅक’ पाहिले की मला ही भीती वाटते.

आता धार पाहा. परमारांच्या या राजधानीची आखणी वर्तुळाकार होती. गावाभोवती मातीचा प्रचंड धूळकोट, त्याला लागून खंदक आणि तलावांची माळ, अशी ती रचना. उत्तर भारतात अशी वर्तुळाकार तटबंदी दुर्मीळच. तिची तुलना अभ्यासक दूरच्या वरंगळशी करतात. धारेत साडेबारा तलाव, अशी म्हण आहे. तो अर्धा तलाव कोणता, हा वाद आज नको. मुंज तलाव, देवीसागर ही नावे तर आपल्या तोंडी आहेतच. पश्चिमेस आणि दक्षिणेस हा धूळकोट अजून चांगला ओळखू येतो. ईशान्येला मात्र तो आणि त्याचे खंदक नव्या घरांखाली गेले. उरलेल्या तटाची माती वीट पाडणाऱ्यांनी आणि बांधकाम करणाऱ्यांनी वर्षानुवर्षे खणून नेली. भोजशाळेविषयी आणि किल्ल्याविषयी आपण पुष्कळ बोलतो; पहिल्या बाजीरावाचा नातू, दुसरा बाजीराव, १७७५ साली धारच्या किल्ल्यात जन्मला, हेही अभिमानाने सांगतो. पण ज्या तटामुळे धारेला धारेचा आकार आला, त्याची वीट होऊन कोणाच्या तरी भिंतीत बसते आहे, याची आपल्याला फारशी खंत नाही. धारेला फेरीची वाट नव्याने आखावी लागत नाही. परमारांनी ती हजार वर्षांपूर्वीच आखून ठेवली आहे. उरलेल्या तटाच्या पायथ्याने, तलावांच्या काठाने ती जोडून घ्यायची, एवढेच काम आहे.

देवासची गोष्ट निराळी. येथे मधोमध टेकडीच आहे. सपाटीपासून सुमारे ३०० फूट उंच, वर थोरली माता तुळजाभवानी आणि धाकटी चामुंडा. १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस असलेल्या ई. एम. फॉर्स्टर यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकाला या टेकडीचेच नाव दिले. हिच्याच पायथ्याशी कुमार गंधर्व १९४८ पासून १९९२ पर्यंत राहिले. थोरली पाती आणि धाकटी पाती यांनी एकच गाव वाटून घेतले होते, दोन कारभार एका वेशीच्या आत नांदत होते. १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. टेकडी मात्र दोहोंना पुरून उरली. आज तिच्यावर पायऱ्या आहेत, रज्जुमार्ग आहे, नवरात्रात मुंगीला वाट मिळू नये अशी गर्दी असते. हे सारे वर चढणाऱ्यांसाठी झाले. पायथ्याशी, उतारावर, गवतात आणि ओघळींत काय आहे याकडे पाहायला मात्र वर्षभर कोणी जात नाही.

आणि देवासला तरी हे परवडणारे नाही. १९९० च्या उन्हाळ्यात या गावाला आगगाडीने पाणी आणावे लागले, हे येथे बसलेल्या अनेकांना आठवत असेल. आपल्याकडे वर्षाला सरासरी चाळीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे एका हेक्टरवर सुमारे १ कोटी लिटर पाणी. ते जिरवणारी जमीन उघडी ठेवायची की झाकायची, हा प्रश्न सौंदर्याचा नाही. जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी त्याचे उत्तर दिले आहे. २००६ नंतर तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या प्रेरणेने त्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग, सुमारे दहावा हिस्सा, तळ्यासाठी काढून दिला. बँकांकडून कर्ज काढून स्वतःच्या खर्चाने तळी खणली. टोंक कलांसारखी गावे त्या ‘रेवासागरां’नी पालटली. दहावा भाग सोडला तर नऊ भाग पिकतात, हा हिशेब शेतकऱ्याला कळला. नागर माणसाला तो का कळू नये?

वाट आखण्याचे शास्त्र फार गहन नाही, पण नेमके आहे. आधी मातीकडे पाहावे. माळव्याच्या काळ्या जमिनीत पावसाळ्याचे चार महिने पाय घोट्यापर्यंत रुततो. म्हणून वाट शक्यतो मुरमाच्या कडेने न्यावी, आणि चिखलाच्या टप्प्यात दगडाची पायठणी घालावी. उतारावर ती सरळ चढवू नये, समपातळीने वळवावी. दहा फुटांत एक फुटाहून अधिक चढ नसला तर म्हाताराही चालतो आणि पाणीही वाटेवरून धावत नाही. बाहेरच्या अंगाला किंचित उतार द्यावा. सिमेंट टाळावे. प्रत्येक मोहल्ल्यातून आत येण्याची सोय असावी, म्हणजे वाट कोणा एका आळीची होत नाही. गुराख्याचा आणि गवत कापणारीचा तेथे आधीपासून हक्क असेल, तर तो हिरावून घेऊन आपण फेऱ्या मारू नयेत.

एक गणित मांडतो. समजा, तीन किलोमीटर लांब आणि तीन मीटर रुंद अशी वाट आहे. तिला जमीन लागते जेमतेम सव्वादोन एकर. ती वर्तुळाकार असेल तर तिच्या आत सुमारे १७७ एकर जमीन येते. सव्वादोन एकरांची वाट आपल्या हाती असली, की पावणेदोनशे एकरांवर पहारा बसतो.

जमिनीचा मामला मात्र कागदावरच सुटतो. ‘वहिवाट’ हा शब्द मला फार मार्मिक वाटतो, त्यात हक्कही आहे आणि वाटही आहे. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेत प्रत्येक गावचे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद आहे. चराई, सरपण, जाण्यायेण्याची वाट, पाणी यांविषयीचे गावचे हक्क आणि रूढी तेथे नोंदलेल्या असतात. खसरा आणि नकाशा यांच्याबरोबर हे दोन कागद वाचल्याशिवाय वाटेची एक खुंटीही ठोकू नये. गावाच्या सामायिक जमिनीवर आणि तळ्यांवर अतिक्रमण करणाऱ्यांना हटवावे, असा स्पष्ट निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात दिला. त्याचा आधार घेता येतो. पण जमीन सामायिक होती, हे आधी दाखवता आले पाहिजे.

जेथे जमीन खाजगी असते तेथे पेच कसा पडतो, हे पुण्याने दाखवले. १९९७ साली २३ गावे महापालिकेत आली आणि त्यांच्या आराखड्यात टेकड्यांवरची ९७८ हेक्टर जमीन जैववैविध्य उद्यानासाठी राखली गेली. नागरिकांनी तिच्यासाठी नेटाने लढा दिला. राज्य शासनाची मंजुरी मात्र २०१५ साली मिळाली. दरम्यानच्या काळातला वाद प्रामुख्याने एकाच गोष्टीचा होता, जमीनमालकाला मोबदला काय द्यायचा. तो प्रश्न आरक्षणाच्या दिवशीच सोडवला नाही तर आरक्षण नकाशावर हिरवे राहते आणि जागेवर घरे उभी राहतात. आपल्या शेजारी इंदूरजवळ रालामंडळची टेकडी १९८९ मध्ये अभयारण्य झाली, ती होळकरांच्या शिकारगाहीची राखीव जागा असल्याने. तेथे जमीन आधी राखली गेली होती, म्हणून आज लोकांना चालायला वाट आहे.

राहिला पैसा. ज्या देवासला देशाच्या नोटा छापल्या जातात, तेथे पैशाची अडचण सांगताना संकोच वाटतो. पण अडचण आहे, आणि ती समजतो तेथे नाही. वाट बांधायला पैसा मिळतो. कोनशिलेवर नाव कोरून घ्यायला दाते पुढे येतात, खासदार-निधी आहे, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन घातले आहे. देवासच्या औद्योगिक वसाहतीला ते सांगता येईल. मिळत नाही तो रोजचा पैसा: काटेरी झुडपे छाटायला, पावसानंतर ओघळ बुजवायला, रोपांना तीन उन्हाळे पाणी घालायला. २०२१ पासून तर कंपन्यांना हा निधी कोणत्याही संस्थेच्या कायम ठेवीत देता येत नाही. तेव्हा ठेव आपल्यालाच उभारावी लागेल. दोन माणसांना दरमहा १२,००० रुपयांप्रमाणे वेतन द्यायचे, आणि ठेवीवर सहा टक्के व्याज धरायचे, तर ४८ लाखांची ठेव लागते. आकडा मोठा आहे, एका दात्याचा तर नाहीच. पण पाच हजारांचे ९६० आजीव सभासद, असा तो मांडला, की या सभागृहातल्या कोणालाही ओळखीचा वाटेल. हे ग्रंथालय याच रीतीने उभे राहिले. कपाट एखाद्या श्रीमंताने दिले, पण पुस्तकांना पुठ्ठा घालण्याचा आणि शिपायाच्या पगाराचा खर्च शंभर वर्षे चार-चार आण्यांच्या वर्गणीनेच भागवला.

मध्य प्रदेशच्या १९५१ च्या सार्वजनिक न्यास अधिनियमाखाली दोन्ही गावांचे दोन स्वतंत्र न्यास असावेत, असे मी सुचवतो; धारचे हिशेब देवासला आणि देवासचे धारला तपासायला द्यावेत. ग्रंथालयाकडे माझी मागणी लहान आहे. वाचनकक्षात एक कपाट रिकामे करून द्यावे. त्यात धारच्या धूळकोटालगतच्या आणि देवासच्या टेकडीच्या पायथ्याच्या प्रत्येक खसरा क्रमांकाची नक्कल, निस्तारपत्रक, वाजिब-उल-अर्ज आणि नकाशे लावून ठेवावेत, कोणाही सभासदाने मागितले तर टेबलावर पसरून दाखवता येतील असे. नकला काढण्याच्या कामाला चार तरुण आणि एक निवृत्त पटवारी पुरे. पावसाळा लागण्यापूर्वी ते कपाट भरले, तर दसऱ्यानंतर जमीन वाळली की मोजणीची साखळी हाती घेऊन बाहेर पडता येईल.