परत केलेला दगड



आज मी तुम्हाला एका चोरीची गोष्ट सांगणार आहे. चोर कोण? चोर मीच.

तेव्हा मी रोह्याला मास्तर होतो. मुलांना घेऊन कुड्याची लेणी पाहायला गेलो. मांदाडच्या खाडीजवळच्या डोंगरात ही २६ लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंसाठी ती खोदली. दान देणाऱ्यांची नावे तिथे दगडावर कोरली आहेत. त्यांत एक माळी आहे, एक वैद्य आहे, एक लोखंडाचा व्यापारी आहे. म्हणजे तुमच्याआमच्यासारखी कष्टाची माणसे.

मी मुलांना बजावले, "कशाला हात लावायचा नाही!" आणि निघताना खाली पडलेला कोरीव दगडाचा तुकडा मीच पिशवीत टाकला. म्हटले, इथे पडून काय होणार? घरी नीट राहील.

पुढे पेणला बदली झाली. दगड कपाटावर होता. एके दिवशी वर्गात एका पोराने दुसऱ्याची पेन्सिल घेतली. मी त्याला उभे केले. तो रडत म्हणाला, "गुरुजी, खाली पडली होती." ते शब्द माझ्या काळजात रुतले. त्या रात्री झोप लागली नाही.

रविवारी एस.टी. धरली. पहारेकऱ्यासमोर दगड ठेवला. "मी नेला होता," एवढेच बोलवले. सोमवारी मुलांनाही खरे सांगितले. खूप लाज वाटली. पण तो पेन्सिलवाला पोरगा मान वर करून माझ्याकडे बघत होता.

असे माझेच झाले असे नाही. इटलीत पाँपेई नावाचे शहर आहे. इ.स. ७९ मध्ये ते ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथून प्रवासी तुकडे उचलून नेतात. पुढे कित्येकजण ते माफीच्या चिठ्ठीसह परत पाठवतात. २०२० साली कॅनडातल्या एका बाईने १५ वर्षांनी तुकडे परत केले. तुकडे नेल्यापासून आपले वाईटच झाले, असे तिने लिहिले. शापाचे मला ठाऊक नाही. मनाची टोचणी मात्र खरी.

पण वेळ गेली की परत करताही येत नाही. आपल्याच जिल्ह्यातले दिवेआगर पाहा. १९९७ साली तिथे जमिनीत सोन्याचा गणपती सापडला. २०१२ साली दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांना मारून तो नेला आणि वितळवला. पुढे सोने मिळाले. २०२१ साली नवी मूर्ती बसली. जुनी मूर्ती मात्र कायमची गेली.

म्हणून सांगतो. नांगरताना नाणे, मूर्ती, ताम्रपट सापडला तर लपवू नका, विकू नका, घासू नका. तहसीलदारामार्फत कलेक्टरला कळवा. १८७८ पासून तसा कायदाच आहे. आणि पूर्वी कुणी काही उचलून आणले असेल, तर ते परत करा. उशीर झाला म्हणून लाजू नका. मीही उशिराच गेलो होतो.