छताखालचा ठावठिकाणा

जीपीएसचे उपग्रह मोकळ्या आकाशाखाली काही मीटरांपर्यंत अचूक ठिकाण दाखवत असले, तरी सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून येणाऱ्या त्यांच्या लहरी जमिनीवर पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेल्या असतात आणि काँक्रीटचे छत ओलांडणे त्यांना सहसा जमत नाही. म्हणून रुग्णालयातील उपकरणे किंवा गोदामातील माल शोधायचा, तर रेडिओ-केंद्रे इमारतीतच बसवावी लागतात.

यासाठी प्रारंभी लहरींची तीव्रता मोजली जाई. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 2000 साली मांडलेल्या ‘रडार’ पद्धतीत इमारतीतील अनेक जागी ही तीव्रता आधीच नोंदवलेली असे आणि नवे मोजमाप त्या नोंदींशी ताडले जाई. चूक साधारणतः दोन-तीन मीटरांची राही. मात्र एखादे लोखंडी कपाट हलवले, तरी जुन्या नोंदी निरुपयोगी ठरू शकतात.

काळ मोजणे हा अधिक भरवशाचा मार्ग होय. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे 30 सेंटीमीटर जाते. परंतु भिंतींवरून परतलेल्या लहरी मूळ लहरीत मिसळल्या, तर ती नेमकी केव्हा पोहोचली हे कळत नाही. ‘अल्ट्रा-वाइडबँड’ तंत्रात निदान 500 मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा वापरल्यामुळे स्पंद जेमतेम दोन नॅनोसेकंदांचा राहतो आणि थेट आलेला स्पंद प्रतिध्वनींतून वेगळा काढता येतो.

खरी मेख घड्याळात आहे. शोधायच्या वस्तूला लावलेल्या छोट्या यंत्राने, म्हणजे टॅगने, संदेश मिळाल्यावर एका मिलिसेकंदाने उत्तर दिले आणि त्याचे स्फटिक-घड्याळ दशलक्षात 20 भागांनी चुकले, तर अंतर तीन मीटरांनी चुकते. ही चूक उडवण्यासाठी संदेशांची आणखी एक फेरी करावी लागते, आणि प्रत्येक फेरीत बॅटरी खर्च होते. त्यातही प्रक्षेपणापेक्षा ऐकत राहणे महाग पडते. म्हणून चतुर रचना अशी की टॅगने एकच स्पंदमालिका सोडून झोपी जावे, आणि एकमेकांशी घड्याळे जुळवलेल्या, घरगुती विजेवर चालणाऱ्या केंद्रांनी ती कोणाकडे किती उशिरा पोहोचली या फरकावरून ठिकाण काढावे. काटकसर येथे टॅगची आणि कष्ट भिंतीवरील यंत्रांचे. उलटपक्षी, ॲपलच्या 2021 सालच्या एअरटॅगला असा भिंतींचा आधार नसल्याने तो एरवी अल्पशक्तीच्या ब्लूटूथवर भागवतो आणि मालक जवळ येऊन शोधू लागल्यावरच अल्ट्रा-वाइडबँड वापरतो. परिणामी बटणाएवढी एक बॅटरी त्याला सुमारे वर्षभर पुरते.