किडीचा पुतळा उभारणारे गाव
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



पुतळे आपण पुष्कळ पाहिले आहेत. पण शेतकऱ्याचे उभे पीक खाऊन टाकणाऱ्या किडीचा पुतळा कोणी पाहिला आहे काय? अमेरिकेत अलाबामा नावाचे राज्य आहे. त्याच्या आग्नेय कोपऱ्यात कॉफी काउंटी नावाचा जिल्हा आहे. (कॉफीचे एक झाडही तिथे पिकत नाही, कॉफी नावाचा एक सेनापती होता, त्याचे नाव जिल्ह्याला दिले.) त्या जिल्ह्यात एंटरप्राइज हे गाव. वस्ती आपल्या तालुक्याच्या ठिकाणाएवढी, २०२० च्या जनगणनेत साडेअठ्ठावीस हजारांच्या थोडी वर. गावच्या मुख्य चौकात एक बाई उभी आहे, देवीच्या थाटाची, पायघोळ वस्त्र नेसलेली. सगळे मिळून तेरा फुटांपेक्षा उंच. दोन्ही हात डोक्यावर नेऊन तिने काहीतरी उचलून धरले आहे. ते काय म्हणून मान वर करून पाहावे तर कपाशीचा सोंडा! खाली लिहिले आहे की या किड्याने आम्हाला भरभराटीचे दिवस दाखवले, म्हणून कॉफी काउंटीच्या नागरिकांनी कृतज्ञतेने हे स्मारक उभारले. तारीख ११ डिसेंबर १९१९.

आपल्याकडे हा सोंडा नाही, हे आपले नशीब. आपल्या वाट्याला बोंडअळ्या आल्या. हिरवी, ठिपक्यांची आणि आता गुलाबी. कृषी महाविद्यालयात आम्ही हा सोंडा फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला. कणगीतल्या धान्याला सोंडे लागतात ना, त्यांच्याच गोतातला. लांबी पाव इंच. पण मादी सोंडेने पातीला भोक पाडते आणि आत अंडे घालते. पाती पिवळी पडून गळते, अळी आतल्या आत पोसते, आणि तीनेक आठवड्यांत नवी पिढी तयार. झाड हिरवेगार, डोक्याएवढे वाढलेले, आणि बोंड नावाला नाही. असा हा किडा १८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्सासमध्ये शिरला. दरसाल थोडा थोडा पूर्वेकडे सरकत १९१० मध्ये अलाबामात आणि १९१५ च्या सुमारास कॉफी काउंटीत पोचला. १९२२ पर्यंत अमेरिकेचा जवळजवळ सगळा कापूसपट्टा त्याने व्यापला.

आता एंटरप्राइजची त्या वेळची स्थिती बघा. १८९८ मध्ये रेल्वे आली आणि गाव कापसावर वाढले. दुकानदार आणि सावकार हंगामाच्या सुरुवातीला बी, खत, मीठ-पीठ उधार देत आणि उभ्या पिकावर बोजा चढवीत. उधारी कापसावरच मिळायची, कारण कापूसच बाजारात खपत होता. कसणाऱ्याने म्हणावे की यंदा दुसरे काही पेरतो, तर दुकानाचे दार बंद. हे ऐकताना कोणाला आपल्या गावचे दुकान आठवले तर नवल नाही.

सोंडा आला आणि पीक बुडाले. पीक बुडाले म्हणजे उधारीही बुडाली. सावकाराच्या पोटात गोळा आला तेव्हा पर्याय शोधायला माणसे निघाली, ही गोष्ट लक्षात ठेवावी. सेशन्स नावाचे गावातले एक धनिक व्यापारी व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनाकडे जाऊन भुईमुगाची शेती पाहून आले. १९१६ मध्ये त्यांनी बॅस्टन नावाच्या कर्जात बुडालेल्या एका शेतकऱ्याला भुईमूग पेरायला राजी केले. पहिल्याच पिकात कर्ज फिटले, आणि त्या शेंगा बियाण्यासाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी उचलल्या. दुसऱ्या वर्षी, १९१७ मध्ये, अमेरिकेतल्या कोणत्याही जिल्ह्यापेक्षा जास्त भुईमूग कॉफी काउंटीने पिकवला असे गाव अभिमानाने सांगते. मग बॉन फ्लेमिंग नावाच्या व्यापाऱ्याच्या डोक्यातून या स्मारकाची कल्पना निघाली. मूर्ती इटलीहून आणवली. गंमत अशी की सुरुवातीला बाईच्या हातात नुसते कारंजे होते. किडा तिच्या डोक्यावर चढला तो तीस वर्षांनी, १९४९ मध्ये. पुढे पोराटोरांनी हा किडा किती वेळा पळवला त्याला गणती नाही. १९९८ मध्ये तर मूर्तीचीही मोडतोड झाली. मूळ मूर्ती आता जवळच्या संग्रहालयात ठेवली आहे, आणि चौकात आहे ती प्रतिकृती. गावातल्या कॉलेजच्या खेळाडूंच्या संघाला ‘बोल वीव्हिल्स’ म्हणतात, म्हणजे ‘बोंडावरचे सोंडे’! समोरच्या संघाला घाबरवायला यापेक्षा चांगले नाव कापूस पिकवणाऱ्याला सुचणार नाही.

इथेच थांबले तर गोष्ट फार गोड आहे. अशाच गोड गोष्टी घेऊन साहेब लोक आपल्या गावात येतात. कापूस सोडा, अमुक पेरा, तमुक लावा, संकटातच संधी असते. म्हणून या गावाची गोष्ट आतून उकलून पाहायला हवी.

पहिली बाब. भुईमूग चांगला हे सांगणारा माणूस अलाबामातच वीस वर्षे कंठशोष करीत होता. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, गुलामीत जन्मलेला काळा शास्त्रज्ञ. १८९६ मध्ये तो टस्कीगीच्या शाळेत आला. कापसामागून कापूस घेऊन जमीन मेली आहे, बेवड करा, चवळी घ्या, भुईमूग घ्या, हे तो सांगत होता. १९०६ पासून शाळेची एक गाडी अवजारे आणि बियाणे घेऊन खेडोपाडी फिरू लागली. शेतकऱ्यांना ते पटत नव्हते असे नाही. पण बी घ्यायला पैसा आणि शेंगा घ्यायला गिऱ्हाईक, या दोन गोष्टी गाडीत नव्हत्या. त्या सेशन्सनी आणल्या. ज्ञान कार्व्हरचे, पण गाडा हलला तो भांडवल आणि खरेदीदार आल्यावर. आम्ही कृषी विद्येतली माणसे हे फार उशिरा शिकतो.

दुसरी बाब युद्धाची. पहिले महायुद्ध चालू होते, खाद्यतेलाला मागणी होती, भुईमुगाला भाव होता. १९१७ च्या भरभराटीत किड्याचा वाटा किती आणि भावाचा किती, हे त्या दगडावर कोरलेले नाही. कापूसही त्या जिल्ह्यातून गेला नाही. स्मारक उभे राहिले त्या १९१९ साली कापसाला चांगला भाव होता, आणि भाव असला की कापूसवाला कापूस पेरतोच. १९२० मध्ये दोन्ही कोसळले, कापूसही आणि भुईमूगही. त्या मंदीला सोंडा कारण नव्हता.

मग भुईमूगवाल्यांनी काय केले? ते वॉशिंग्टनला गेले. चीन-जपानकडून स्वस्त शेंगा येत होत्या. त्यावर जकात बसवा म्हणून १९२१ मध्ये संसदेच्या समितीपुढे त्यांनी कार्व्हरला उभे केले. सुरुवातीला दहा मिनिटे मिळाली होती. पण शेंगांपासून बनवलेले एकेक पदार्थ तो बाहेर काढू लागला तसतसा सभासदांनी वेळ वाढवत नेला. १९२२ च्या कायद्यात शेंगांवर वाढीव जकात बसली. १९३४ मध्ये भुईमूग सरकारच्या मुख्य पिकांच्या यादीत गेला. पुढे आधारभाव आला, कोटा आला. तो कोटा भाड्याने देता येई, त्यामुळे शेत न कसणारेही कोट्याचे मालक होऊन बसले आणि कसणारे त्यांना भाडे देऊ लागले. २००२ च्या कायद्याने कोटा संपवला, तेव्हा भरपाई कोट्याच्या मालकांना मिळाली, पौंडामागे वर्षाला अकरा सेंट, पाच वर्षे. चौकातल्या बाईच्या हातात खरे तर किड्याच्या शेजारी कायद्याचे पुस्तक द्यायला हवे होते.

तिसरी बाब बोलताना जीभ जड होते. कापूसपट्ट्यात जमीन एकाची आणि घाम दुसऱ्याचा, अशी बटाईची शेती होती. बटाईदारांत काळे शेतकरी मोठ्या संख्येने होते. त्यांना मत नव्हते, बोलायची सोय नव्हती. सोंडा आला तेव्हा कोणते पीक घ्यायचे हे मालक आणि सावकार ठरवीत होते. कापूसपट्ट्यातून त्या वर्षांत लाखो काळी माणसे उत्तरेच्या कारखान्यांकडे निघून गेली. जाण्याची कारणे बरीच होती, जुलूमही होता, मजुरीही होती, पण सोंडाही त्यातले एक होता. स्मारकावर ‘नागरिक’ म्हणून लिहिले आहे त्यांत ही माणसे मोजली होती काय?

आज एंटरप्राइज जगते कशावर? शेंगा आहेत, कोंबड्या आहेत, पण मोठा आधार शेजारच्या लष्करी तळाचा. १९४२ मध्ये तो सुरू झाला, आणि अमेरिकेचे लष्कर आपले हेलिकॉप्टर वैमानिक तिथे तयार करते. म्हणजे भरभराटीच्या पुतळ्याचे गाव बव्हंशी सरकारी पगारावर उभे आहे. २००७ च्या १ मार्चला चक्रीवादळाने गावची शाळा मोडली, आठ विद्यार्थी गेले. गावाने शाळा पुन्हा बांधली.

आणि सोंडा? तो हरला. हे आपल्या जास्त कामाचे आहे. १९७८ मध्ये व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या हद्दीवर निर्मूलनाची मोहीम सुरू झाली आणि राज्यामागून राज्य घेत गेली. कापूस उत्पादकांचे मतदान घेतले. ठराव पास झाला की तो सगळ्यांना लागू, एकालाही सूट नाही. खर्चाचा मोठा वाटा शेतकऱ्यांनीच एकरी वर्गणी भरून उचलला. कामगंध सापळे लावले, सोंडा थंडीत दडी मारायला जाण्याआधी फवारणी केली, वेचणी संपताच पऱ्हाटी नष्ट केली. अलाबामातून तो गेला. आज अमेरिकेत त्याचा ठिय्या टेक्सासच्या दक्षिण टोकाला उरला आहे, कारण नदीपलीकडे मेक्सिकोत तो आहे आणि किड्याला सरहद्द कळत नाही. गुलाबी अळीचेही त्यांनी असेच केले. २०१८ मध्ये आपल्या देशातून ती हद्दपार झाल्याचे त्यांनी जाहीर केले. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ मध्ये, तिने विदर्भ-मराठवाड्यात आपली बोंडे पोखरली होती.

त्यांच्याकडचे वांझ पतंग आणि विमाने आपल्याकडे नाहीत. पण फरदड न घेणे आणि पऱ्हाटी वेळेवर उपटणे याला विमान लागत नाही. अडचण वेगळी आहे. मी उपटली आणि बांधाशेजारच्याने फरदड ठेवली, तर माझे उपटणे वाया. शिवाय फरदडीत चार पैसे मिळतात, ते कोरडवाहू माणसाने का सोडावेत, हा प्रश्नही खरा आहे. त्याला दरडावून चालणार नाही. दुपारच्या सत्रात एवढाच विषय आहे. प्रत्येक गावाने शिवारातील पऱ्हाटी काढण्याची एक तारीख ठरवायची, आणि फरदड सोडणाऱ्याचे नुकसान गावाने कसे वाटून घ्यायचे ते बोलायचे. जेवणानंतर गावनिहाय बसा. बायका वेचणीला असतात, कोणत्या शेतात काय उरते हे त्यांना जास्त माहीत, तेव्हा त्यांनाही त्याच घोळक्यात बसवा.